सुग्राबीचा डावा कान

इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. नाव: सुग्राबी, जौजे बशीर मणियार. राहणार नेर, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. राज्य: आधी मध्यप्रदेश, छप्पन्न सालच्या नोव्हेंबरपासून मुंबई, साठ सालच्या मे महिन्यापासून महाराष्ट्र, या संपूर्ण काळात सदरहू बाईने घर बदललेले नाही. वय: चाळीस ते पन्नास, विचारणारा कोण आहे त्यावर अवलंबून. धंदा: बांगड्या भरणे. अपत्य: मुलगी एक. जंगम मालमत्ता: बांगड्यांची टोपली एक, बकरी एक, नवरा एक. श्रवणशक्ती: उजवा कान शाबूत; डावा कान शाबूत असूनही ऐन कामाच्या वेळी निरुपयोगी. चालचलणूक: निष्कलंक, एक बांगडी वगळता.

त्या एका बांगडीमुळेच हे वर्णन करण्याची वेळ आली, तेव्हा आधी तिचं सांगणं भाग आहे.

काचेच्या बांगडीत कधीकधी बाल असतो. बाल म्हणजे केसाएवढी चीर. ती डोळ्यांना दिसत नाही. माल फिरोजाबादहून गवतात गुंडाळून नेरला यायचा, मग टोपलीत बसून, बंडीच्या चाकांचे हिसके खात खेड्यापाड्यांत जायचा. या प्रवासात कुठेही एखाद्या बांगडीला बाल पडू शके. बालाची बांगडी पोरीच्या हातात चढवताना पंजाच्या हाडावर आली की तिथेच कडकन जाते. म्हणून मणियार बांगड्या बोटांवर अडकवून एकमेकींवर हळूच आपटून बघतो. शाबूत बांगडी खणकन बोलते. बालाची बांगडी बद्द बोलते, सर्दी झालेल्या माणसासारखी. सुग्राबीला ही पारख तिच्या सासूने शिकवली होती, आणि मरताना पारखेबरोबर चार गावंही तिच्या पदरात टाकली होती. मणियारांत गावं वाटलेली असत. ज्याचं गाव, त्यानेच तिथल्या पोरीबाळींना बांगड्या भरायच्या, त्यानेच नवरीचा चुडा भरायचा. कागद कुठे नव्हता. पण गावाने एकदा दुसऱ्याच्या हातून चुडा भरून घेतला की गाव गेलं, हे सर्वांना माहीत होतं, आणि दारव्ह्याच्या एका सायकलवाल्या बांगडीवाल्याला तर ते जरा जास्तच माहीत होतं.

चारांपैकी मोठं गाव बोरगव्हाण. बोरगव्हाणात मोठं घर पंजाबरावांचं. एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात पंजाबरावांच्या थोरल्या मुलीचं, कांताचं, लग्न होतं. सुग्राबीने मांडवात बसून चुडा भरायला घेतला. सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या काही बांगड्या उरल्या असताना कांताला शिंक आली. हात आखडला. बांगडी गेली.

चुड्यातली बांगडी ‘फुटली’ असं म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. मांडवातल्या बायकांनीही तसंच म्हटलं, आणि म्हणताना एकमेकींकडे पाहिलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण संध्याकाळी वरात निघाली आणि नवरदेव बंडीवरून खाली पडून हात मोडून बसला. नवरदेवाने दुपारपासून मित्रांबरोबर पुष्कळ घेतली होती, हे गावाला माहीत होतं. बांगडी वाढली होती, हेही गावाला माहीत होतं. दोन्हींपैकी दुसरं चारचौघांत बोलायला सोपं होतं. गावाने शिंक माफ केली, दारू माफ केली. राहिली सुग्राबी.

बोलण्यात पुढे होत्या तुळसाबाई, म्हणजे पंजाबरावांची आई. तुळसाबाई बोलायला लागल्या की दुसऱ्याला तोंड उघडायला जागा मिळत नसे. “त्या बाईच्या हाताले आता पह्यलेवानी गुण नाई राह्यला,” असं त्या पाणवठ्यावर, ओट्यावर, देवळात, जिथे दोन बायका उभ्या दिसतील तिथे सांगत. ते फिरत फिरत नेरच्या बाजारात सुग्राबीपर्यंत आलं, आणि येईपर्यंत त्यात आणखी एक मोडलेला पाय मिसळला होता.

पुढच्या पंधरवड्यात सुग्राबी दुसऱ्या गावी एका नवरीला चुडा भरायला बसली. बांगड्या बोटांवर घेतल्या आणि आपटणार, तोच तिच्या डाव्या कानात रातकिडा ओरडायला लागला. दिवसाढवळ्या, मांडवात. तिने इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येत असल्याचं दिसेना. तिने बांगड्या वाजवल्या. बांगड्यांचा आवाज त्या किरकिरीच्या पलीकडून, भिंतीआडून आल्यासारखा आला. तिने अंदाजाने चुडा भरला. सगळा धडपणे चढला, पण घरी येईस्तोवर तिचं पोलकं घामाने चिंब झालं होतं.

त्यानंतर तो रातकिडा मुक्कामालाच आला.

गल्लीने आपापल्या परीने उपचार केले. कुणी लसणाचं तेल कोमट करून घातलं, कुणी रुईचं पान शेकून त्याचा रस पिळला. बशीरने कानात कापसाचा बोळा कोंबला, तर आवाज दुप्पट झाला. बाहेरचं सगळं बंद होऊन आत नुसता किडाच उरला. शेजारच्या हजराबीने दर्ग्यावरून ताईत आणून दिला आणि वर माहितीही पुरवली, की उजवा कान वाजला तर कुणी चांगलं बोलत असतं, डावा वाजला तर वाईट.

“डावाच वाजते,” सुग्राबी म्हणाली.

“मग कोन बोलत असन?”

कोण, ते सांगायची गरज नव्हती. मात्र कान सकाळी वाजे, दुपारी वाजे, दिवा मालवल्यावर तर फारच वाजे, तेव्हा सुग्राबीला प्रश्न पडे की इतकं बोलून तुळसाबाईला जेवायला फुरसत कधी मिळते.

खरी अडचण पुढेच होती. रात्रभर जागून, दिवसभर कानाचा कानोसा घेऊन सुग्राबीला आता कुठलीच बांगडी नीट वाजल्यासारखी वाटेना. नवा माल आला की ती तो घेऊन बसे आणि एकेक वाजवून बाजूला टाकी. ही बद्द. हीसुद्धा बद्द. बाजूला पडलेल्या बांगड्या ती गल्लीतल्या पोरींना वाटून टाके. काही आठवड्यांत गल्लीतल्या सगळ्या पोरी कोपरापर्यंत बांगड्या घालून हिंडू लागल्या. पोरी संपल्यावर उरलेल्या बांगड्यांची माळ करून कुणीतरी सुग्राबीच्याच बकरीच्या गळ्यात घातली. बकरी चालली की खणखण आवाज होई, आणि तो अगदी शाबूत बांगड्यांचा होता, हे बशीरच्या लक्षात आलं.

बशीर बाजाराच्या दिवशी दुकान मांडून बसे. तो शांत माणूस होता, म्हणजे बायकोपुढे बोलून उपयोग नाही हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. त्या संध्याकाळी मात्र त्याने बकरीला धरून बसवलं आणि तिच्या गळ्यातल्या बांगड्या एकेक करून वाजवल्या. नवरा-बायको एरवी घरात हिंदीत बोलत. भांडण वऱ्हाडीत होई, कारण ते शेजाऱ्यांना समजणं आवश्यक असे.

“ही खनखनीत हाये,” बशीर म्हणाला. “ही बी. ही बी. तू चांगला माल बकरीले घालून राह्यली!”

“तुमाले काय समजते? बद्द हाये ते.”

“म्या काय कापूस विकतो काय? माह्या बापानं बी बांगड्याच विकल्या.”

“मग तुमीच जा चुडा भराले!”

“जातो! पन नवऱ्या मले हात देतीन काय? त्याइले सुग्राबी पाह्यजे!”

यावर सुग्राबी रडली. तिला वाटलं तो टोमणा आहे. वास्तविक बशीरने आयुष्यात तिची केलेली ती एकमेव स्तुती होती, आणि ती अशी भांडणात खर्ची पडली. हजराबीने भिंतीपलीकडून विचारलं, “झालं काय वो?” आणि झालं असल्याचं कळल्यावर ती भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी बशीर तिला डॉक्टर सदाशिवरावांकडे घेऊन गेला. सदाशिवराव नागपूरला शिकून आलेले, बाजाराच्या टोकाला खासगी दवाखाना चालवणारे, सुकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कानांत पाहिलं. मग दोन टोकांचा एक लोखंडी काटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि तिच्या डाव्या कानाजवळ धरला. काटा गुंजत राहिला.

“ऐकू येतं?”

सुग्राबीने मान कलती करून नीट ऐकलं. “चांगला हाये,” ती म्हणाली. “बाल नाई याच्यात.”

सदाशिवरावांनी काट्याकडे पाहिलं, जणू इतकी वर्षं ही शंका आपल्याला का आली नाही. मग तो खिशात ठेवला. “कान चांगला आहे बाई. तुझ्या कानात काही बिघडलेलं नाही.”

“मग वाजते कायले?”

“केव्हा वाजतो?”

“नवरीचा हात हातात घेतला का वाजते. रात्री वाजते. अन् बोरगव्हानचं कोनी भेटलं तं बोलाच्या आधीच वाजते.”

“आणि बाजारात?”

सुग्राबीने आठवून पाहिलं. “बाजारात नाई वाजत.”

“बरं. शेतात रात्री राखणीला माणूस बसतो ना माचणावर? त्याला जर कुणी सांगितलं, की काल शेजारच्या शेतात वाघ आला होता, तर काय होतं?”

“झोपत नाई मंग तो.”

“झोपत नाही. आणि पान पडलं तरी त्याला वाघ ऐकू येतो. काल तेच पान पडलं तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं. शेत तेच, पान तेच, कान तोच. भ्यालेला असतो तो राखणदार. तुझं तसं झालं आहे. थोडीफार किरकिर सगळ्यांच्याच कानात असते. एरवी आपण तिला विचारत नाही. तू त्या बांगडीपासून कान लावून माचणावर बसली आहेस. म्हणून ती मोठी ऐकू येते. ती मोठी झाली म्हणून तू आणखी भितेस. आणि भिऊन आणखी कान लावतेस. त्यात बांगडीचा बारीक आवाज राहून जातो.”

“मंग कराचं काय?”

“लक्ष देऊ नको.”

सुग्राबीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “डॉक्टरसाहेब, ज्याच्याकडे पाहू नोको म्हनलं त्याच्याकडेच डोया जाते.”

“जातो,” सदाशिवराव म्हणाले. “मग जाऊ दे. वाजला तर वाजू दे, पण बंद झाला की नाही हे बघायला दर घटकेला जाऊ नकोस. शांत खोलीत एकटी बसू नकोस. पिठाच्या चक्कीजवळ बस, बायकांत बस. झोपताना याला बडबड करायला सांग.”

“माहा कान बी वाजते कधी,” बशीर भीतभीत म्हणाला.

“माझा परीक्षेपासून वाजतो,” सदाशिवराव म्हणाले. “पास झालो, तरी थांबला नाही. पण मी त्याला आता पाहुण्यासारखा धरत नाही, घरातलाच धरतो.”

बाटलीशिवाय नुसता सल्ला नेरमध्ये कुणी औषध म्हणून मानीत नसे, हे जाणून त्यांनी गुलाबी रंगाचं गोड पाणीही दिलं. त्या पाण्याचा काय गुण आला ते सांगता येत नाही. चक्कीचा मात्र आला. सुग्राबी दुपारी टोपली घेऊन चक्कीच्या ओट्यावर बसू लागली, दळण आणणाऱ्या बायकांशी बोलू लागली, आणि तिथे रातकिडा तिला सापडेना. रात्री बशीर तिला बाजाराचे भाव सांगे. एकाच बाजाराचे भाव चार चार वेळा ऐकल्यावर कुणालाही झोप येते. पावसाळा, हिवाळा असा गेला. मालही आता बकरीपर्यंत पोहोचेनासा झाला. दोन-तीन चुडेही भरून झाले. कान वाजला, पण भागलं.

आणि साठ सालच्या उन्हाळ्यात, राज्य नवं झालं त्याच सुमारास, इंदूबाई नेरच्या बाजारात आली. इंदूबाई म्हणजे पंजाबरावांची बायको, तुळसाबाईंची सून. ती बशीरच्या दुकानाशी थांबली आणि सुग्राबीला म्हणाली, “बेबीचं ठरलं वो सुग्राबी. येत्या आठवड्यात हायद लागते.”

बेबी ही धाकटी मुलगी. सुग्राबीच्या कानात लगेच किर्र झालं.

“दारव्ह्यावाला येऊन राह्यला असन चुड्याले,” ती म्हणाली.

“तो दोनदा येऊन गेला सायकल घेऊन. पन माहा चुडा तू भरलता. कांताचा तू भरला. मी बेबीच्या बापाले सांगतलं, बेबीचा बी सुग्राबीच भरन.”

“मायबाई काय म्हनते?”

सासूचा विषय निघताच इंदूबाईने जरा इकडेतिकडे पाहिलं. “आत्याबाई म्हनते, येऊ द्या, पन मी समोर बसन. अन् या टायमाले एक जरी वाढली तं बोरगव्हानात तिचं पाऊल नोको.”

तर अशी ती अट. एकच गाव जाणार नव्हतं. मोठं गाव गेलं की मागोमाग बाकीची जात, हे मणियाराच्या पोराबाळांनाही ठाऊक असे. त्या आठवड्यात बशीरने भाव सांगून सांगून घसा बसवून घेतला, पण सुग्राबी जागीच राहिली. सदाशिवरावांकडून आणलेली नवी बाटली दोन दिवसांत संपली. बशीरने चुड्याचा माल स्वतः वाजवून, दोनदा वाजवून, गवतात बांधून दिला. पण बोरगव्हाणापर्यंतचा रस्ता बंडीचा होता आणि तो कसा होता हे दोघांनाही माहीत होतं. घरी शाबूत असलेली बांगडी तिथे पोहोचेपर्यंत शाबूत राहील असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पारख मांडवात पुन्हा करावीच लागणार होती.

मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. बेबी मधोमध पाटावर. थोरल्या बहिणीची गोष्ट तिने वर्षभर ऐकलेली, त्यामुळे तिचा हात लाकडासारखा ताठ झाला होता. समोर तुळसाबाई, नवं लुगडं नेसून, न्यायाधीशासारख्या. त्या आल्यापासून बोलतच होत्या: ऊन फार, आचारी आळशी, मांडवाची बल्ली तिरपी. सुग्राबीने टोपलीवरचं फडकं काढलं तशा त्या म्हणाल्या, “वाजवून पाह्य. समद्याइच्या समोर वाजव. अन् तुमी चूप बसा गं पोरीहो!”

मांडव चिडीचूप झाला. सुग्राबीला नेमकी शांतताच नको होती. डाव्या कानात एकाचे दहा रातकिडे झाले. तिने हिरव्या बांगड्या बोटांवर घेतल्या, आपटल्या, आणि तिला फक्त किडे ऐकू आले. पुन्हा आपटल्या. बांगड्या भरायला घ्याव्यात तर आंधळा खेळ. भरू नयेत तर गाव आत्ताच गेलं.

अशा वेळी माणसाला जे सुचतं ते शहाणपणाचं असतंच असं नाही. सुग्राबीने बांगड्यांची जुडी उचलली आणि तुळसाबाईंपुढे धरली. “मायबाई, तुमीच पारखा. तुमच्या हातानं वाजवा. तुमी ज्या द्यान त्याच मी भरीन.”

बायका कुजबुजल्या. हा मान होता, आणि सर्वांसमोर दिलेला. तुळसाबाईंनी पुढे आलेल्या जुडीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. मग त्यांनी जुडी घेतली. “आन इकडे. मले काय समजत नाई काय?”

त्यांनी एक बांगडी घेतली, दुसरीवर आपटली, कानाशी नेली, डोळे मिटले, मान डोलावली. “चांगली.” ती सुग्राबीच्या हातात दिली. दुसरी घेतली. आपटली, कानाशी नेली. “चांगली.” तिसरीच्या वेळी सुग्राबी त्यांच्या हातांकडे बघत होती. हात म्हातारे होते, नेम चुकला. बांगडी बांगडीला लागलीच नाही. मधे बोटभर अंतर राहिलं. तुळसाबाईंनी ती कानाशी नेली, डोळे मिटले आणि एकाग्र होऊन ऐकलं.

“लय चांगली,” त्या म्हणाल्या.

सुग्राबीला वाटलं आपलेच डोळे चुकले. तेवढ्यात मागून इंदूबाईने हाक मारली, “आत्याबाई, पानी देऊ काय?” तुळसाबाईंनी पुढची बांगडी उचलली. “आत्याबाई, पानी!” तुळसाबाईंनी तीही न वाजलेली बांगडी पसंत केली. सुग्राबीने मान वर करून इंदूबाईकडे पाहिलं. इंदूबाईने घाईघाईने खाली पाहिलं, आणि तिच्या ओठांचे कोपरे थरथरले. घरातल्या सुनेला ते केव्हापासूनच ठाऊक असणार. म्हातारीला ठार ऐकू येत नव्हतं. म्हणून तर ती अखंड बोलत असे. आपणच बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही, आणि ऐकावं लागलं नाही की ऐकू येत नाही हे कुणाला कळत नाही.

जिच्या बोलण्याने आपला कान वर्षभर वाजला, तिला स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. आणि बांगड्या पारखत होती निर्धास्त, एकदाही न अडखळता. हे सुग्राबीच्या पोटात कुठेतरी जाऊन बसलं आणि तिथून हसू म्हणून वर येऊ लागलं. हसणं तर शक्य नव्हतं. तिने पदराचा बोळा तोंडात घातला. खांदे हलू लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

“मावशी, रडून राह्यली काय?” बेबीने घाबरून विचारलं.

“नाई वो बेबी,” सुग्राबी कशीबशी म्हणाली. “तुह्या आजीचा कान पाहून मन भरून आलं.”

मागे इंदूबाई खोकत खोकत मांडवाबाहेर गेली. पाणी आणायला, असं तिने नंतर सांगितलं.

पदर बाजूला करून सुग्राबी डोळे पुसत होती, तेव्हा तुळसाबाईंच्या हातातली बांगडी वाजली. बद्द. अगदी स्वच्छ, सर्दी झालेल्या माणसासारखी बद्द. सुग्राबीचे हात तिथेच थांबले. ती बांगडी बालाची होती, यात शंका नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिला ते ऐकू आलं होतं. रातकिडे केव्हा गेले कोण जाणे. जाताना ते सांगून गेले नव्हते, आणि तीही बघायला गेली नव्हती.

“ही तं समद्यात चांगली,” तुळसाबाईंनी ती बांगडी उंच धरून बायकांना दाखवली. “हिचा आवाजच येगळा हाये.”

“येगळाच हाये मायबाई,” सुग्राबी त्या बांगडीकडे नि आपल्या मनगटाकडे बोट दाखवत म्हणाली. “मी एक मागू काय? ही मले द्या. तुमच्या हातची म्हनून माह्या हातात राहू द्या.”

आठवड्यापूर्वी तिचं पाऊल बंद करायला निघालेल्या तुळसाबाईंना हे आवडलं. मान हा असा असतो की दिला की माणूस घेतोच. त्यांनी ती बांगडी स्वतःच्या हाताने सुग्राबीला दिली. सुग्राबीने ती सराईत हाताने, जपून मनगटावर चढवली. बाकीच्या ती आता घेताघेताच बोटांनी एकमेकींना टेकवून ऐकत होती, कुणाच्या लक्षात न येईल असं. आणखी एक बद्द निघाली. तीही तिच्याच हातात गेली.

मग तिने बेबीचा पंजा आपल्या हातात घेतला. “हात सैल सोड. तुह्या मायचा चुडा भरला तवा काय झालतं, सांगू?”

“काय झालतं?”

“तुही माय झोपली. बसल्या बसल्या, माह्या खांद्यावर डोकं टेकून. आदल्या रात्री समद्या पोरीइनं तिले जागवलतं ना. म्या अर्धा चुडा तिच्या झोपेतच भरला. अन् जागी झाली तं म्हनते कशी, ‘लग्न झालं काय?’”

बेबी हसली. हात सैल पडला. बांगडी हाडावरून सरकून मनगटात गेली. सुग्राबी बोलत राहिली, आणि एकेक बांगडी जात राहिली. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की ही गोष्ट ती पूर्वी प्रत्येक नवरीला सांगत असे, आणि गेलं वर्षभर एकीलाही सांगितली नव्हती. चुडा पुरा झाला. एकही वाढली नाही. तुळसाबाईंनी मांडवाला ऐकवलं, “म्या पारखल्या ना!” आणि मांडवाने ते मान्य केलं. पंजाबराव स्वतः येऊन उभे राहिले नि म्हणाले, “सुग्राबी, जेवल्याबिगर जायचं नाई.” ती पोटभर जेवली. बुंदी दोनदा घेतली.

दारव्ह्याचा सायकलवाला त्यानंतर बोरगव्हाणात दिसला नाही. त्याने नवं गाव शोधलं असावं.

सुग्राबीचा कान पुढेही वाजला. पोरीचं लग्न ठरेना तेव्हा वाजला, बशीर तापाने अंथरुणाला खिळला तेव्हा वाजला. ती म्हणे, “आला माहा रातकिडा,” आणि चक्कीवर जाऊन बसे. त्याच्यासाठी पुन्हा कुठे बाटली आणली नाही.

बोरगव्हाणात मात्र एक नवी रीत पडली. ज्या घरी लग्न असेल तिथे चुड्याच्या बांगड्या आधी तुळसाबाई वाजवून बघत, आणि तो मान त्यांनी मरेपर्यंत कुणाला दिला नाही. त्यांनी पसंत केलेल्यांपैकी बद्द वाजलेल्या तेवढ्या सुग्राबी प्रत्येक वेळी आपल्यासाठी मागून घेई. गावाने याला तिची भक्ती म्हटलं. तिच्या हातात एकही बांगडी फार दिवस टिकत नसे.